काठोकाठ की शिगोशीग?
मोटारीच्या डिकीच्या मापाविषयी दोन शब्द

व्यापाऱ्याची पत त्याच्या मापावर उभी असते, हे आपल्या समाजास नव्याने सांगावयास नको. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार शास्त्रकारांनी सांगितले, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे. मान म्हणजे भरून देण्याचे माप, उन्मान म्हणजे तोलण्याचे वजन. घेताना एक आणि देताना दुसरे वापरणे हा व्रतास लागणारा दोष होय. हा विचार धान्याच्या पायलीपुरताच आहे असे कोणी समजू नये. आज घरोघरी लाखो रुपये मोजून जी मोटारगाडी घेतली जाते, तिच्या डिकीलाही तो तितकाच लागू पडतो.

गाडीच्या माहितीपत्रकावर डिकीचा आकडा लिटरमध्ये छापलेला असतो. लिटर म्हटले की ग्राहक निश्चिंत होतो. परंतु एकक निश्चित झाले म्हणजे माप निश्चित झाले असे नव्हे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी पायली एकच असली तरी ती काठोकाठ भरून रेटावयाची की वर शीग लावून द्यावयाची, यावर सौद्याचा नफा-तोटा ठरत असे. भोपाळ १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी झाले आणि नागपूरकडील अनेक मराठी कुटुंबे इकडे आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वजने व मापे यांचा कायदा झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने बाजारात आली. गावोगावचे निरनिराळे मण आणि शेर गेले, ही फार मोठी सुधारणा झाली. परंतु डिकीच्या बाबतीत शिगेचा प्रश्न अद्यापि शिल्लक आहे.

युरोपातील रीत पाहा. जर्मन मोटार-उद्योगाच्या ‘व्हीडीए’ नामक संघाने ठरविलेल्या पद्धतीत २० सेंटिमीटर लांब, १० रुंद व ५ उंच असे ठोकळे डिकीत रचतात. प्रत्येक ठोकळा बरोबर एक लिटरचा. जितके ठोकळे मावतील तितके लिटर. आंतरराष्ट्रीय मानक ‘आयएसओ ३८३२’ मध्येही असाच ठोकळा आहे. चाकावरील फुगवट्यापाशी किंवा वाकड्या कोपऱ्यात ठोकळा बसत नाही. म्हणून तेथील पोकळी हिशेबात धरली जात नाही. पाणी ओतून जितके भरेल त्याहून हा आकडा अर्थातच कमी येतो, पण तो व्यवहाराला धरून असतो; कारण आपण डिकीत पाणी भरीत नाही, पेट्या ठेवतो. मागच्या आसनामागील झाकणापर्यंतचा आकडा आणि आसने पाडून छतापर्यंतचा आकडा तेथे बहुधा वेगवेगळे दिले जातात.

अमेरिकेची रीत निराळी. तेथे मोटार-अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेचे ‘जे ११००’ हे मानक चालते आणि आकडा घनफुटांत येतो; एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. बंद डिकीच्या गाडीत ठरावीक मापांच्या बॅगा व खोकी ठेवून मोजणी होते. मागून उघडणाऱ्या मोठ्या गाडीत मात्र मोजमाप थेट छतापर्यंत जाते. तेथील पर्यावरण खाते तर माणसांची जागा व सामानाची जागा यांची बेरीज करून साध्या गाड्यांचा वर्ग ठरविते. ११० ते ११९ घनफुटांची गाडी मध्यम समजली जाते.

या दोन रीतींनी केवढा फरक पडतो? टोयोटाच्या ‘रॅव्ह-४’ गाडीची २०१९ च्या सुमारास आलेली पिढी घ्या. युरोपातील पत्रकात तिची डिकी ५८० लिटरची होती. अमेरिकेतील पत्रकात सुमारे साडेसदतीस घनफूट, म्हणजे जवळजवळ १,०६० लिटर. दोन्ही ठिकाणी आसने उभीच. खोटे कोणीच बोलले नाही. एकाने पायली काठोकाठ मोजली, दुसऱ्याने शिगोशीग.

आपल्याकडे आकडा लिटरचा असतो, पण तो कोठपर्यंत आणि कोणत्या रीतीने मोजला, हे पत्रकावर बहुधा आढळत नाही. त्यात सीएनजीची भर पडली आहे. डिकीत आडवी टाकलेली गोल टाकी आपल्या आकारमानाहून पुष्कळ अधिक जागा खाते, कारण तिच्या भोवतालचे कोपरे वाया जातात. टाटांच्या अल्ट्रोझ गाडीची पेट्रोल आवृत्ती ३४५ लिटरची. २०२३ साली आलेल्या सीएनजी आवृत्तीत दोन लहान टाक्या तळाशी बसवून २१० लिटर जागा राखली, आणि तसा आकडा जाहीर केला. हे योग्यच झाले. जेथे असा आकडा सांगितला जात नाही, तेथे ग्राहकाने पेट्रोल गाडीचा आकडा वाचून सीएनजीची गाडी घरी आणण्याचा संभव असतो.

कोणी म्हणेल, पाच-पन्नास लिटरांचा एवढा बाऊ कशाला? एके काळी शेठ वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्याच्या फियाटवर टपावर कॅरियर लावून मुंबईचे टॅक्सीवाले सगळे बिऱ्हाड बांधीत. डिकीचे लिटर कोणी विचारीत नसे. खरे आहे. परंतु तेव्हा ग्राहक गाडी पाहून घेई. आज तो आकडे पाहून घेतो. अवधपुरीतील एखादे कुटुंब आजी-आजोबांसह मुक्तागिरीच्या यात्रेस निघते, तेव्हा अंथरूण-पांघरूण, शिध्याचे डबे आणि पूजेचे साहित्य मावले नाही, तर उरलेले ओझे सात तास मांडीवर घ्यावे लागते. शिवाय जागा आणि भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिकीत मावले म्हणून गाडीस पेलवेल असे नाही; कापसाची गादी आणि तुपाचे डबे यांना एकच न्याय लावून चालत नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते की, आपल्या संघातील जे सभासद मोटारविक्रीच्या धंद्यात आहेत त्यांनी कायद्याची वाट पाहू नये. आकड्याशेजारी मोजणीची रीत व हद्द लिहावी. सीएनजी गाडीचा आकडा टाकी बसविल्यानंतरचा सांगावा. आणि दुकानात दोन मोठ्या व दोन लहान अशा नेहमीच्या वापरातील बॅगा ठेवून ग्राहकाला त्या स्वतः ठेवून पाहू द्याव्यात. खर्च किरकोळ आहे.

व्हीडीए हा कारखानदारांचा संघ आहे, एसएई ही अभियंत्यांची संस्था आहे. मापाची रीत दोघांनीही सरकारी हुकमाविना घालून दिली. धंद्यातील माणसांनी एकत्र येऊन माप ठरविले की जग ते मानते. ज्या समाजाच्या व्रतांतच मापाचा विवेक सांगितला आहे, त्याच्या संघाने आपल्या शहरापुरता हा पायंडा पाडला तर ते आपल्या परंपरेस साजेसेच होईल. जय जिनेंद्र.