रिफायनरीची न दिसणारी वाफ: माहुलने काय शिकवले, बारसूने काय विचारावे?

नाशिक शहरात रिफायनरी नाही. तरीही हा विषय नाशिककरांना परका नाही. मुंबईतल्या माहुलच्या रिफायनरीतून निघालेली पाइपलाइन आपल्या जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोपर्यंत येते. तिथून टँकर भरून पेट्रोल-डिझेल गावोगावच्या पंपांवर जाते. म्हणजे आपण इथे गाडीची किल्ली फिरवतो, त्याची काही किंमत माहुल, अंबापाडा आणि चेंबूरचे लोक श्वासातून मोजत असतात.

गेल्या काही वर्षांत दोन ठिकाणांमुळे ही चर्चा पुन्हा पुन्हा वर आली. पहिले माहुल. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर हजारो कुटुंबांना तिथल्या इमारतींत पाठवण्यात आले. प्रदूषणाच्या तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या आणि 2019 मध्ये न्यायालयाने तिथल्या रहिवाशांना दुसरीकडे घर किंवा दरमहा 15 हजार रुपये भाडे देण्यास सांगितले. पुढे 2025 मध्ये महापालिकेने तिथलीच रिकामी घरे आपल्या कर्मचाऱ्यांना विकण्याची योजना आणली. दुसरे ठिकाण राजापूर तालुक्यातले. नाणारचा प्रकल्प 2019 मध्ये रद्द झाल्यानंतर बारसू-सोलगावची जागा पुढे आली आणि एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणाच्या वेळी मोठे आंदोलन झाले.

दोन्हीकडे वाद ‘रिफायनरी हवी की नको’ असा रंगला. तो निर्णय समाजाने आणि सरकारने घ्यायचा आहे. डॉक्टर म्हणून मला त्याआधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो: रिफायनरीतून नेमके काय बाहेर पडते, ते कुठून पडते आणि कुंपणाशी ते कोण मोजते?

धूर दिसतो, वाफ दिसत नाही

रिफायनरी म्हटले की डोळ्यांसमोर उंच चिमणी आणि तिच्या टोकाची ज्योत येते. चिमणीतून सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि सूक्ष्म कण बाहेर पडतात. ते घातक आहेतच. पण चिमणी उंच असते, तिथला धूर पसरतो आणि विरळ होतो. शिवाय ती एकाच जागी असल्याने तिथे यंत्र बसवून मोजता येते.

खरी अडचण जमिनीलगत आहे. कच्चे तेल आणि पेट्रोल साठवायच्या प्रचंड टाक्या, हजारो व्हॉल्व्ह, पाइपांचे जोड, पंपांचे सील, टँकर भरण्याची जागा आणि तेलकट सांडपाण्याचे उघडे हौद या सगळ्यांतून वाफ निसटत राहते. तिला बाष्पनशील सेंद्रिय संयुगे म्हणतात. सोप्या भाषेत, थिनरची बाटली उघडल्यावर जो वास येतो त्याच जातीची वाफ. तिला रंग नसतो. ती माणसाच्या नाकाच्या उंचीवरच सुटते आणि जवळच्या वस्तीला लगेच गाठते.

शरीरावर काय परिणाम होतो?

*बेंझिन:* या वाफेतला सर्वांत काळजी करण्यासारखा घटक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. ते अस्थिमज्जेवर, म्हणजे रक्तपेशी तयार होतात त्या जागेवर आघात करते. दीर्घकाळ संपर्क आल्यास पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी होणे, रक्तक्षय आणि एका प्रकारचा रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना बेंझिनची कोणतीही पातळी पूर्ण सुरक्षित मानत नाही.

*सल्फर डायऑक्साइड:* दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिका काही मिनिटांत आकुंचन पावतात. निरोगी माणसाला जी पातळी जाणवत नाही, तीही दमेकऱ्याला त्रास देते.

*हायड्रोजन सल्फाइड:* सडक्या अंड्यासारखा वास. एक धोका लक्षात ठेवा: पातळी फार वाढली की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. त्यामुळे ‘वास गेला, म्हणजे वायू गेला’ असे समजू नका.

माहुलच्या आदेशातले आकडे

राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट 2020 मध्ये माहुल, अंबापाडा आणि चेंबूर परिसरातील हवा प्रदूषणाबद्दल चार कंपन्यांवर मिळून सुमारे 286 कोटी रुपयांची भरपाई लावली. त्यात हिंदुस्तान पेट्रोलियमचा वाटा 76.5 कोटी आणि भारत पेट्रोलियमचा 67.5 कोटी होता. सर्वांत मोठी रक्कम, 142 कोटी, एजिस लॉजिस्टिक्स या कंपनीवर होती, आणि ती रिफायनरी नाही. ती तेल आणि रसायने साठवून ठेवते, भरते आणि उतरवते. चौथी कंपनी सीलॉर्ड कंटेनर्सही साठवणुकीच्याच व्यवसायातली.

या वाटणीकडे डॉक्टरच्या नजरेने पाहा. वादाच्या केंद्रस्थानी चिमणीपेक्षा टाकी आणि टँकर होता. म्हणून फक्त चिमणीची उंची वाढवली किंवा भोवती झाडे लावली, तर माहुलचा प्रश्न सुटत नाही. झाडे लावावीत, पण झाड टाकीचे सील बदलत नाही.

केईएम रुग्णालयाने या भागात केलेल्या पाहणीत सुमारे 67 टक्के लोकांनी महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत असल्याचे सांगितले, तर 86 टक्क्यांहून अधिक लोकांनी डोळ्यांची जळजळ सांगितली. या लोकांनी सांगितलेल्या तक्रारी आहेत. कोणत्या कंपनीच्या कोणत्या वायूमुळे कोणाला काय झाले, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण इतक्या मोठ्या वस्तीतले इतके लोक एकच तक्रार करतात, तेव्हा आधी हवा तपासायची आणि मग लोकांच्या सांगण्यावर शंका घ्यायची, हा क्रम असायला हवा.

स्वच्छ इंधनाची दुसरी बाजू

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 इंधन आले. पेट्रोल आणि डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आले. नाशिकच्या द्वारका चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसासाठी ही चांगली गोष्ट आहे. पण इंधनातून काढलेले गंधक नाहीसे होत नाही. ते रिफायनरीतच हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात वेगळे होते. गंधक पुनर्प्राप्ती युनिटमध्ये त्याचे पिवळे घन गंधक बनवतात आणि ते खत कारखान्यांसारख्या उद्योगांना विकतात. हे युनिट नीट चालले तर 99 टक्क्यांहून अधिक गंधक परत मिळते. ते बंद पडले आणि तो वायू जाळावा लागला, तर तेच गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन शेजारच्या वस्तीवर उतरते. आपली हवा स्वच्छ राहण्याचे ओझे अशा रीतीने रिफायनरीच्या दारातल्या लोकांवर जाऊ नये, ही आपलीही जबाबदारी आहे.

प्रदूषण कमी करता येते का?

पूर्ण शून्यावर आणता येत नाही, पण खूप कमी करता येते. त्यासाठी लागणारे तंत्र जुने आणि माहितीतले आहे:

- तरंगते छप्पर: दुधावर साय टेकलेली असते तसे टाकीचे छप्पर थेट तेलावर तरंगते. वर मोकळी जागा नाही, त्यामुळे वाफ साठत नाही. कडेला दुहेरी सील हवे आणि त्याची नियमित तपासणी हवी.
- वाफ परत घेणे: टँकर किंवा जहाज भरताना आतली वाफ बाहेर ढकलली जाते. ती हवेत न सोडता नळीने परत घेऊन पुन्हा द्रव करता येते. पेट्रोल पंपावरही हीच पद्धत वापरता येते.
- गळती शोधून दुरुस्ती: हातातल्या यंत्राने किंवा खास कॅमेऱ्याने प्रत्येक व्हॉल्व्ह आणि जोड ठरावीक काळाने तपासायचा आणि गळती सापडली की ठरलेल्या दिवसांत बंद करायची.
- सांडपाण्याचे हौद झाकणे: उघड्या तेलकट पाण्यातून बेंझिन उडते.
- ज्योतीकडे जाणारा वायू परत वापरणे: तो इंधन म्हणून वापरता येतो. ज्योत ही सुरक्षेची सोय आहे, रोजची वहिवाट नव्हे.

निसटलेली वाफ म्हणजे निसटलेले पेट्रोलच. ती थांबवल्यावर कंपनीचाही माल वाचतो. मग हे काम मागे का पडते? कारण जे मोजले जात नाही, त्याची घाई कोणालाच नसते.

कुंपणावरचा एक आकडा

अमेरिकेने 2015 मध्ये रिफायनरींसाठी एक नियम केला. कुंपणाभोवती सगळीकडे लहान नळ्या लावायच्या, दर दोन आठवड्यांनी त्या बदलून बेंझिन मोजायचे आणि आकडे लोकांसमोर ठेवायचे. बाहेरून येणारे बेंझिन वजा करून वर्षाची सरासरी प्रति घनमीटर 9 मायक्रोग्रॅमच्या वर गेली, तर कंपनीने कारण शोधून दुरुस्ती करायची. या नियमात महागडे यंत्र नाही, वादविवादही नाही. कोणत्या बाजूच्या नळीत बेंझिन जास्त सापडले, यावरून गळतीची दिशाच कळते.

आपल्याकडे 2009 च्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेतल्या बेंझिनची वार्षिक मर्यादा प्रति घनमीटर 5 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे कागदावर आपली मर्यादा कडक आहे. पण मर्यादा किती कडक यापेक्षा मोजमाप कुठे होते आणि ते कोणाला दिसते, यावर आरोग्य अवलंबून असते. चार किलोमीटरवरच्या केंद्रातला चांगला आकडा कुंपणालगतच्या घरातल्या मुलाला उपयोगाचा नाही.

बारसूच्या आणि माहुलच्या रहिवाशांनी काय विचारावे?

2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार अशा मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी घ्यावी लागते, तिची किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. मंजुरी मिळाल्यावर अटींच्या पालनाचा अहवाल कंपनीने दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. तिथे हे प्रश्न लेखी विचारा:

1. कुंपणावर बेंझिन मोजणार का, आणि आकडे मराठीत जाहीर करणार का?
2. गेल्या सहा महिन्यांत किती गळत्या सापडल्या आणि किती दिवसांत बंद झाल्या?
3. गंधक युनिट बंद पडले तर उत्पादन कमी करणार की वायू जाळणार?
4. सर्वांत जवळचे घर, शाळा आणि दवाखाना किती अंतरावर आहेत?
5. प्रकल्प सुरू होण्याआधी गावकऱ्यांची फुप्फुसांची आणि रक्ताची तपासणी करून नोंद ठेवणार का?

पाचवा प्रश्न सहसा राहून जातो. आधीची नोंद नसेल, तर वीस वर्षांनी आजार वाढले की नाही हे कोणताच डॉक्टर किंवा न्यायालय ठामपणे सांगू शकत नाही.

तुम्ही जवळ राहत किंवा काम करत असाल तर

- तीव्र वास आला की घरात जा आणि खिडक्या बंद करा. उघड्यावर असाल तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जा.
- कापडी, सर्जिकल किंवा एन-95 मास्क वायू अडवत नाही. तो धुळीसाठी आहे.
- दमा असेल तर इनहेलर सोबत ठेवा. वास आलेल्या दिवसांची तारीख, वेळ आणि त्रास वहीत लिहा. तक्रार करताना ही वही उपयोगी पडते.
- टँकर चालक, डेपो कामगार आणि पंपावरील कर्मचारी यांनी डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगावे आणि वर्षातून एकदा सीबीसी ही रक्ततपासणी करावी. पेट्रोलने हात धुऊ नये, नळीने तोंडाने ओढू नये.
- सतत थकवा, वारंवार ताप, हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर निळे डाग दिसले तर थांबू नका, लगेच तपासून घ्या.
- छातीत घट्टपणा, ओठ निळे पडणे किंवा शुद्ध हरपणे ही आणीबाणी आहे. 108 ला फोन करा.

पुढच्या वेळी कोणी सांगितले की ‘आमच्या चिमणीतून धूर येत नाही’, तर ते खरेही असेल. त्यांना फक्त कुंपणावरचा बेंझिनचा आकडा विचारा. आकडा असेल तर तो तुमच्या डॉक्टरांनाही दाखवा. नसेल तर तो मिळेपर्यंत मागत राहा.