आधी खावं, मग जेवावं

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲपवर एक गंमत झाली. नातीने रविवारच्या नाटकाची तिकिटं काढली आणि ग्रुपवर टाकलं, "शिवाजी मंदिर, दुपारी चार. सगळ्यांनी यायचं." झालं. त्यानंतर जे सत्तावीस निरोप आले, त्यांतला एकही नाटकाबद्दल नव्हता. कोण लिहिलंय, कोण काम करतंय, कशावर आहे, काही नाही. सगळे निरोप एकाच विषयावर. आधी जेवायचं कुठे?

मी गप्प वाचत होते. शेवटी जावयांनी विचारलं, "आई, तुमचं काय मत?" माझं मत ग्रुपवर मावण्यासारखं नव्हतं. म्हटलं, इथे सविस्तर लिहावं.

माझं मत थोडक्यात असं : नाटकाच्या आधी खावं, जेवू नये. जेवण नाटकानंतर.

आपल्या भाषेत 'खाणं' आणि 'जेवणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे किती छान आहे बघा. खाणं उभ्या उभ्या होतं, घाईत होतं, भूक भागली की संपतं. जेवणाला बसावं लागतं. त्यात वाढणं आलं, आग्रह आला, गप्पा आल्या, "अजून थोडा भात घे" आलं. जेवणाला घड्याळ लावलं की त्याचं जेवणपण जातं. आणि नाटकाला तर घड्याळ असतंच. म्हणून नाटकाच्या आधीच्या वेळेत जेवण बसवायला गेलं की दोन्हीची नासाडी होते.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. चूक करून आलंय.

2019 चा डिसेंबर. माझी धाकटी बहीण सांगलीहून माझ्याकडे डोंबिवलीला आली होती. सांगलीची माणसं नाटकाच्या बाबतीत जरा अभिमानी असतात. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीत, त्यामुळे मराठी नाटक म्हणजे आपल्या घरचं कार्य असं तिथे प्रत्येकाला वाटतं. हिलाही वाटायचं. तिला मुंबईत, शिवाजी मंदिरातच नाटक बघायचं होतं. तिने तरुणपणी तिथे एकदा नाटक पाहिलं होतं, त्यानंतर योग आला नव्हता. रात्री आठच्या प्रयोगाची तिकिटं मिळाली.

माझा बेत साधा होता. स्टेशनबाहेर काहीतरी खायचं आणि वेळेवर जाऊन बसायचं. पण मुलगा म्हणाला, "मावशी इतक्या लांबून आलीय, तिची वडा-उसळीवर बोळवण करायची का?" त्यात प्रेमच होतं, त्याला काय बोलणार! त्याने एका भारीपैकी, गार हवेच्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं होतं. नाव सांगत नाही, कारण चूक हॉटेलची नव्हती, आमची होती. सात वाजता बसलो. आधी सूप आलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. पावणेआठला मुख्य जेवण आलं. मी घड्याळाकडे बघत होते आणि मुलगा वेटरकडे. बहीण मात्र पाहुणी, ती बिचारी संकोचाने सगळं छान आहे म्हणत होती. बिल द्यायच्या वेळी कार्डाचं यंत्र चालेना. असो.

आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजून बारा मिनिटं झाली होती. अंधारात दाराशी उभ्या असलेल्या माणसाने बॅटरी दाखवली आणि आम्ही तिघं वाकून, "सॉरी, सॉरी" म्हणत, दहा-बारा लोकांचे गुडघे ओलांडत आपापल्या खुर्च्यांपर्यंत गेलो. एका बाईंनी "श्शी" केलं. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. प्रार्थनेनंतर येणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. त्या क्षणी मीच ते मूल होते, फक्त मला बाहेर उभं करणारं कोणी नव्हतं.

नाटक चांगलं होतं. परतीच्या लोकलमध्ये बहीण बराच वेळ गप्प होती. ठाणं गेल्यावर म्हणाली, "ताई, पडदा उघडला तेव्हा स्टेजवर काय होतं गं? मला तेच बघायचं असतं." मला काय माहीत! मीही तिच्याबरोबरच आत गेले होते.

मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली. मधे काही महिने अर्ध्या खुर्च्यांवर सुरू झाली, पुन्हा बंद झाली. ऑक्टोबर 2021 मध्ये ती परत उघडली तेव्हा बहीण राहिली नव्हती. तिचं शेवटचं नाटक ते. त्याची सुरुवात आम्ही एका सूपापायी घालवली.

तेव्हापासून मी या बाबतीत कडक झाले आहे. घरच्यांना ते विक्षिप्तपणाचं वाटतं. म्हणून माझा हिशेब मांडते, पटतो का बघा.

हिशेब उलटा, तिसऱ्या घंटेपासून मागे करायचा. प्रयोग आठचा असेल तर पावणेआठला खुर्चीत. त्याआधी प्रसाधनगृहाची रांग, जी आमच्या वयाच्या बायकांसाठी नाटकाचाच पहिला अंक असते. म्हणजे सव्वासातला नाट्यगृहाच्या दारात. म्हणजे सातला खाण्याच्या जागेवरून उठायचं. म्हणजे साडेसहाच्या आत पानात काहीतरी पडलेलं हवं. आता मला सांगा, मराठी माणूस साडेसहाला जेवतो का? चहा नुकता झालेला असतो. त्या वेळेला खाणंच शोभतं.

मग जागा कशी निवडायची? माझ्या चार कसोट्या आहेत. एक, नाट्यगृहापासून चालत जाता आलं पाहिजे, शक्यतो जिना आणि मोठा रस्ता न ओलांडता. दोन, पदार्थ आधीच तयार होत असले पाहिजेत, म्हणजे कढई तापलेली हवी, आपण सांगितल्यावर तापवायला घेणारी नको. तीन, बिल चटकन मिळालं पाहिजे. आणि चार, सगळ्यात महत्त्वाची : खाऊन झाल्यावर लगेच उठायची लाज वाटू नये अशी ती जागा हवी. भारी हॉटेलात पटकन उठलं तर आपणच आपल्याला गावंढळ वाटतो. जिथे पुढचा माणूस आपल्या खुर्चीमागे उभाच असतो, तिथे उठणं हा शिष्टाचार असतो.

या बाबतीत दादर भाग्यवान आहे. स्टेशनच्या पश्चिमेला मामा काणे यांचं 1910 सालचं उपाहारगृह, तिथला बटाटावडा. गोखले रोडवर 'प्रकाश', तिथला साबुदाणा वडा आणि पियूष. सेनाभवनासमोर 'आस्वाद'. आस्वादच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनच्या एका स्पर्धेत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून मान मिळाला. आनंद झाला, पण रविवारी संध्याकाळी तिथे नाव लिहून फुटपाथवर उभं राहावं लागतं हेही खरं. नाटकाच्या दिवशी अशी रांग दिसली की मोह आवरावा आणि पुढे चालावं. मिसळ कुठे पळून जात नाही. पहिला प्रवेश जातो.

काय खावं याचाही विचार करावा. मिसळ झणझणीत, मग पाणी, मग पुन्हा पाणी, आणि मध्यंतराला अजून तासभर अवकाश! पियूष गोड आणि जड, पहिल्या अंकातच डोळे मिटायला लावणारं. (माझ्या साखरेला तर ते वर्ज्यच.) साबुदाणा वडा एक ठीक, दोन म्हणजे धाडस. मी थालीपीठ घेते, नाहीतर कोथिंबीर वडी आणि चहा. पोटात आधार राहतो आणि मध्यंतरातल्या बटाटावड्याला जागाही राहते. शिवाजी मंदिराच्या मध्यंतरात वडा न खाता परतणं मला तरी जमलेलं नाही. पोटभर जेवून येणारे लोक त्या वड्याकडे नुसते बघत उभे राहतात, तेव्हा मला त्यांची कीव येते.

माटुंग्याला गोष्ट वेगळी. तिथे खाण्याची चंगळ आहे : स्टेशनसमोर 1939 चं रामाश्रय, किंग्ज सर्कलकडे 1940 चं कॅफे मद्रास, केळीच्या पानावर वाढणारं रामा नायकांचं 1942 चं उडुपी. पण ही सगळी पूर्वेला, आणि यशवंत नाट्यमंदिर पश्चिमेला. मधे रेल्वेचे रूळ आणि तो झेड पूल. नकाशावर बोटभर अंतर दिसतं. नातवाचा फोन दहा-पंधरा मिनिटं म्हणतो. माझे गुडघे त्या फोनला कोणी विचारलेले नसतात. तिथे जायचं तर निदान अर्धा तास जास्त धरावा, आणि केळीच्या पानाचं जेवण मात्र नाटकाच्या आधी मुळीच नको. दुपारी त्या भाताच्या ढिगावर रसम ओतून जेवलेला माणूस चारच्या प्रयोगाला अंधारात टिकणं कठीण. मी शेजारच्या खुर्चीतलं घोरणं ऐकलेलं आहे. नटांनाही ते ऐकू जात असणारच.

आता दुसरी बाजू. माझी लेक म्हणते, "आई, आम्हाला नाटकाइतकंच भेटणं महत्त्वाचं असतं. एरवी सगळे एकत्र कुठे बसतो?" हे अगदी खरं आहे, आणि याला माझ्याकडे बराच काळ उत्तर नव्हतं. एक डोंबिवलीला, एक ठाण्याला, एक पार गोरेगावला. जेवण हीच भेट. तो मुलगाही 2019 मध्ये मावशीला भेटतच होता की! ते सूप म्हणजे त्याचं आदरातिथ्य होतं. मी त्याला कधी बोलले नाही, आणि हे वाचून त्याने मनाला लावून घेऊ नये.

पण विचार केल्यावर लक्षात आलं, भेटायचं असेल तर नाटकाच्या आधीची वेळ सगळ्यात वाईट. कोणी गाडीत अडकलेलं, कोणी पार्किंग शोधतंय, निम्मं लक्ष घड्याळात. बोलणं काय होतं? "वेटर कुठे गेला?" आणि "तिकिटं कोणाकडे आहेत?" याउलट नाटक सुटल्यावर सगळे एकाच ठिकाणाहून, एकच गोष्ट बघून बाहेर पडतात. बोलायला विषय तयार असतो. मागे एकदा दुपारच्या प्रयोगानंतर आम्ही दादरलाच मालवणी जेवायला गेलो. नाटकातल्या सुनेचं चुकलं की सासूचं, यावर आमच्याकडच्या सासू आणि सुनेचं जे बोलणं झालं, ते घरी कधीच झालं नसतं! बांगड्याच्या काट्यांना घाई चालत नाही. दीड तास बसलो. तशी भेट आधी झाली असती का?

जुन्या लोकांना हा प्रश्न पडतच नसे. ते घरी जेवून, पान खाऊन नाटकाला जात आणि पुढचे अंक रात्रभर चालत. ती चैन आता नाही. रात्री आठचं दोन अंकी नाटक साधारण पावणेअकराला सुटतं. तेव्हा बरीच स्वयंपाकघरं आवरायला लागलेली असतात आणि आपल्याला लोकल दिसत असते. म्हणून रात्रीच्या प्रयोगाला माझा नियम : आधी थालीपीठ, मध्ये वडा, घरी येऊन दहीभात. आणि सगळ्यांनी मिळून जायचं असेल तर सुट्टीच्या दिवशीचा सकाळचा किंवा दुपारचा प्रयोग निवडावा, नाटक आधी, जेवण मागून. ज्यांना रविवारीही कामाला जावं लागतं त्यांना हे जमणार नाही, हे मला कळतं. त्यांनी डबा न्यावा. नाट्यगृहाबाहेरच्या कठड्यावर बसून पोळीभाजी खाण्यात काही कमीपणा नाही. फक्त आत बसून पिशवी कुरकुर वाजवू नये, एवढंच.

तर ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलं : "दुपारी घरून थोडं खाऊन निघा. साडेतीनला नाट्यगृहाच्या दारात. सात वाजता जेवायला, कुठे ते तुम्ही ठरवा, पैसे मी देणार." लगेच अंगठ्यांची रांग लागली. पैसे मी देणार म्हटल्यावर लागणारच!

मुलाने मात्र अंगठा पाठवला नाही. त्याने लिहिलं, "आई, मी तीनलाच येऊन थांबतो."

पडदा उघडताना या वेळी मी नीट बघून ठेवणार आहे.

तुमच्याकडे नाटकाच्या दिवशी काय बेत असतो? जरूर कळवा.