फुकटचा अंक

नगरमधल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवस उजाडायच्या आत अख्ख्या पेपरची पीडीएफ येऊन पडते. अंक टाकणाऱ्या पोराची सायकल तेव्हा निम्म्या वाटेवरही नसते. वाचणारे संपले, असं म्हणतात ते साफ खोटं आहे. वाचायला सगळ्यांना हवं, खिशात हात घालायला कुणी तयार नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ हा पेपर काढला आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून अर्धशतकाहून अधिक काळ चालवला, तेव्हा तर गावात अक्षरओळख असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. आता मोबाइलवर बातमी लगेच कळते, मग शिळा कागद कशाला, असं विचारतील. कागद जाईना का. पण बाजार समितीच्या सभेत चार तास बसून ठरावाची प्रत कोण काढतं? फॉरवर्ड करणारा नव्हे. त्या बातमीदाराचा पगार जाहिरातींतून निघायचा. त्यातला मोठा वाटा गुगल-फेसबुकने नेला. छोट्या पेपरांच्या वाट्याला उरल्या जाहीर नोटिसा आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. ज्याच्या फोटोवर छपाईचा खर्च निघतो, त्याच्याविरुद्ध पेपर काय डोंबल लिहिणार! तेव्हा ग्रुपवरच्या भाऊ-दादांनो, पीडीएफ खुशाल वाचा, पण आधी पेपरचं महिन्याचं बिल भरा.