देखणेपणाला वारा भुलत नाही

१९६८ची डॉज चार्जर ही मसल कारमधली सर्वांत देखणी गाडी, असं मानणारे पुष्कळ आहेत. कमरेत आवळलेलं अंग, झाकणांमागे दडलेले हेडलाइट, आत ओढून बसवलेली काळी जाळी, दोन उतरत्या खांबांमध्ये खोल गेलेली मागची काच. उभी असतानाही ती धावतेय असं वाटतं. पण हे रूप वेगाचा भास विकत होतं. दारांवरच्या आणि बॉनेटवरच्या खोलगट खाचा हवा कुठेच नेत नव्हत्या. बॉनेटवरच्या खाचांत तर चक्क इंडिकेटरचे दिवे होते! नॅसकार या अमेरिकी कार-शर्यतीत पितळ उघडं पडलं. जाळीत वारा अडायचा, काचेच्या खोबणीत भोवरे उठून गाडीचा मागचा भाग हलका व्हायचा. म्हणून चार्जर ५०० या सुधारित आवृत्तीत डॉजने जाळी पुढे आणली, काच उताराशी सपाट बसवली. तेही पुरेना, तेव्हा १९६९मध्येच टोकदार नाकाची आणि सुमारे ५८ सेंटिमीटर उंच पंखाची डेटोना आली. मार्च १९७०मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर चालक बडी बेकरने तिच्यातून ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला.

कुणी म्हणेल, रोज ऑफिसला जाणाऱ्याला २०० मैलांचं काय? खरंच आहे. डेटोनाची बहीण प्लिमथ सुपरबर्ड अनेक शोरूममध्ये गिऱ्हाइकाविना पडून राहिली, हेही खरं. पण खप हा रुचीचा कौल झाला, रचनेचा नव्हे. चार्जरच्या खाचा बुजवल्या तरी गाडीचं काही बिघडत नाही. डेटोनाचा पंख काढला, तर शर्यतीच्या वेगात मागची चाकं ट्रॅक धरून राहणार नाहीत.