आदिलाबादची हवा, मूत्रपिंड आणि ज्येष्ठांची स्मरणशक्ती

आपल्या आदिलाबादेत कापसाचा हंगाम आणि थंडी बरोबरच येतात. मार्केट यार्डात गाड्यांच्या रांगा लागतात, जिनिंगमध्ये रुईचे तंतू उडतात आणि वेचणी संपली की बेला, जैनथकडच्या शिवारांत पऱ्हाट्या पेटवल्या जातात. थंडीत जमिनीलगतची हवा वर सरकत नाही. त्यामुळे हा धूर, चुलीचा धूर आणि महामार्गाची धूळ पहाटे गावावर साचून राहते. नेमके त्याच वेळी आपले ज्येष्ठ फिरायला निघतात. त्यांच्यापैकी ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांच्या घरच्यांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

धुराने खोकला येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात आणि त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते. मूत्रपिंड आणि मेंदू हे दोन्ही अवयव अतिशय बारीक रक्तवाहिन्यांवर अवलंबून असतात. अमेरिकेतील सुमारे २५ लाख माजी सैनिकांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे हे कण जास्त, तिथे मूत्रपिंडाचे विकार जास्त, असे त्यात दिसले. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची भर घातली.

ज्यांचे मूत्रपिंड आधीच कमजोर आहे, त्यांच्या बुद्धीवर रक्तातील साठलेली द्रव्ये, रक्तदाब, मधुमेह आणि रक्तक्षय यांचा भार असतोच. प्रदूषित हवेने त्यात भर पडते. मिनेसोटात ५५ वर्षांवरील डायलिसिस रुग्णांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. फक्त १३ टक्के रुग्णांची आकलनशक्ती पूर्ण शाबूत होती. मात्र विस्मरणाची नोंद जेमतेम ३ टक्के रुग्णांच्या कागदपत्रांत होती. म्हणजे त्रास होता, पण कोणी विचारलेच नव्हते. आपल्याकडेही ‘आता वय झालं’ म्हणून विषय संपतो. गोळी घेतली की नाही, पाणी किती प्यायलो, डायलिसिसचा वार कोणता, हे विसरणे अशा रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

सरकारी पातळीवर पाहिले तर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात पैनगंगेपलीकडचे चंद्रपूर आहे, आदिलाबाद नाही. यादीत नाव नसले म्हणजे हवा चांगली, असे मात्र नव्हे. या बारीक कणांसाठी भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. गावातल्या हवेचे रोजचे आकडे लोकांसमोर यावेत आणि पऱ्हाट्या जाळण्याऐवजी कुट्टी करून शेतात मिसळण्यासाठी शेतकऱ्यांना यंत्रे मिळावीत, ही मागणी आपण लोकप्रतिनिधींकडे लावून धरली पाहिजे.

तोवर घरात करता येण्यासारखे बरेच आहे. थंडीत फिरणे ऊन वर आल्यावर ठेवावे. धुरात जावेच लागले तर एन-९५ मास्क लावावा. रुमालाने बारीक कण अडत नाहीत. चूल, कचरा आणि डासांची कॉइल ज्येष्ठांच्या खोलीपासून दूर असावी. अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, त्यांनी मूत्रपिंड आणखी बिघडते. रिम्समध्ये किंवा खासगी दवाखान्यात तपासणीला जाताना घरच्या कोणीतरी सोबत जावे आणि क्रिएटिनिनच्या रिपोर्टबरोबर विसरण्याबद्दलही सांगावे. रक्तक्षय, झोप, औषधांचे प्रमाण यांत सुधारणा केल्यावर काहींना फरक पडतो. आणि माणूस एकाएकी गोंधळला, असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगीत राहू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.