द्राक्षाची तपासणी होते, मातीची कधी होणार?

नाशिक, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतील द्राक्ष बागाईतदारांस आवाहन

निर्यातीच्या द्राक्षातील औषधांचे अंश प्रयोगशाळेत काटेकोरपणे मोजले जातात. परंतु ज्या मातीत ते द्राक्ष पिकते, तिच्यात दरवर्षी किती तांबे मुरते आणि तेथील जिवाणूंवर त्याचा काय परिणाम होतो, याचा हिशेब क्वचितच ठेवला जातो.

केवडा रोगावरील बोर्डो मिश्रण, म्हणजे पाण्यात कालवलेले मोरचूद आणि चुना, 1885 पासून वापरात आहे. मोरचुदात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा तांबे असते, त्यामुळे एक टक्क्याचे मिश्रण एकरी 400 लिटर फवारले, की त्या एकरावर 1 किलो तांबे पडते. युरोपीय संघाने 2019 पासून हेक्टरी 7 वर्षांत 28 किलो, म्हणजे एकरी वर्षाला सरासरी सुमारे 1.6 किलो, ही मर्यादा घातली आहे आणि अशा दोनच फवारण्यांत ती वार्षिक सरासरी ओलांडली जाते. तांबे हे मूलद्रव्य असल्याने कुजून नाहीसे होत नाही. पानांवरून धुऊन आलेले तांबे बहुतांशी मातीच्या वरच्या थरात, म्हणजे जिवाणूंची सर्वाधिक वस्ती असते तेथेच, साचून राहते.

अमोनियाचे नायट्रेट करून वेलीला नत्र पुरवणारे जिवाणू जादा तांब्याने मंदावतात. चुनखडीयुक्त काळी जमीन तांबे घट्ट धरून ठेवते, म्हणून दुष्परिणाम उशिरा दिसतो, पण साठा वाढतच जातो. त्यातच तणनाशकाने ओळींमधली जमीन उघडी पडली, की जिवाणूंचे अन्न असलेला सेंद्रिय पदार्थही घटतो. अशा मातीत ठिबकमधून विकतचे जिवाणू सोडणे म्हणजे एका हाताने मारून दुसऱ्या हाताने पेरणे होय.

म्हणून प्रत्येक फवारणीतील तांब्याची नोंद बागेच्या वहीत व्हावी. फवारणी वेळापत्रकावर नव्हे, तर हवामान पाहून ठरावी. ओळींमध्ये ताग किंवा धैंचा घेऊन तो मातीत गाडावा आणि छाटणीच्या निरोगी काड्या जाळण्याऐवजी बारीक करून बागेतच कुजवाव्यात. शासनाच्या मृदा आरोग्य पत्रिकेतील 12 निकषांत तांबे आहे, पण ते सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून. जिवाणूंच्या क्रियाशीलतेचा निकष त्यांत नाही. द्राक्षपट्ट्यासाठी एकूण साचलेले तांबे आणि जिवाणूंची क्रियाशीलता या दोन्ही तपासण्या त्या पत्रिकेत आल्याच पाहिजेत, आणि ही मागणी बागाईतदारांनी प्रत्येक ग्रामसभेत ठराव करून शासनापुढे मांडावी.