केशवर्धनाचा धंदा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथून रोज सकाळी लोकलने मुंबई गाठणाऱ्या एखाद्या नोकरदाराचे केस विरळ होऊ लागले, की सल्लागारांना ऊत येतो. कोणी टँकरच्या पाण्याला दोष देतो, कोणी जागरणाला. आणि अखेर एक रंगीत बाटली घरात येते. विषय हसण्यावारी नेला जातो खरा; परंतु टकलापायी स्थळांकडून नकार ऐकणाऱ्या तरुणाला, किंवा बाळंतपणानंतर फणीत आलेला पुंजका पाहून हबकलेल्या शिक्षिकेला, त्यात हसण्याजोगे काय आहे? याच धास्तीवर हा धंदा पोसला जातो.

वास्तविक कायदा याबाबत मूक नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांविषयीच्या १९४५ च्या नियमांतील नियम १०६ व परिशिष्ट 'जे' यांनुसार, अमुक औषध टक्कल बरे करते असा दावा करण्यास मनाई आहे. इतकेच नव्हे, तर तशी कल्पना ग्राहकाच्या मनात भरवण्यासही. तेव्हा बाटलीवर 'तेल' लिहायचे आणि 'आधी' व 'नंतर'च्या छायाचित्रांतून सारे सुचवायचे, अशी पळवाट निघाली.

या छायाचित्रांमागील गंमत पाहण्यासारखी आहे. विषमज्वर, डेंगी, बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळतात आणि बहुधा पुढील काही महिन्यांत आपोआप पुन्हा येतात. नेमकी त्याच सुमारास बाटली संपत आलेली असते, आणि निसर्गाचे श्रेय तेलाला मिळते! चाई हा निराळा विकार, थायरॉइडचा दोष किंवा रक्तातील लोहाची उणीव ही निराळी कारणे. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा शासनाने तेल वाटले नाही. पाण्याचे नमुने तपासले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक पाचारण केले.

आनुवंशिक टकलावर मात्र दोन औषधे कसोटीस उतरली आहेत. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचे. रोग्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याने त्याचा हा गुण ध्यानी आला, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावण्यास मान्यता मिळाली. फिनास्टेराइडला ती १९९७ मध्ये मिळाली. पण औषध थांबवले, की त्याने राखलेले केसही काही महिन्यांत जातात. ही आयुष्यभराची वर्गणी आहे, हे विक्रेता सहसा सांगत नाही. फिनास्टेराइडने काही पुरुषांच्या कामेच्छेवर परिणाम होतो. गर्भवती स्त्रीने तर त्याची फुटलेली गोळी हाताळूही नये. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकण्यास मनाई आहे ती उगाच नव्हे.

अन्न व औषध प्रशासनाने कल्याणपलीकडील या तिन्ही शहरांतील जाहिराती आणि दुकानांतील फळ्या परिशिष्ट 'जे' हाती घेऊन एकदा तपासाव्यात. वाचकांनीही तोवर बाटली घेण्याआधी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात केसपेपर काढून हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. त्याचा खर्च बाटलीच्या किमतीपुढे नगण्य आहे.